तीनशे अकरावा भाग

६ फेब्रुवारी

प्रिय खारू,

फोनच करणार होते, पण तुमच्या सेटवर दारातच फोन काढून घेतात आणि सुट्टीच्या दिवशी तू घेतलास तरी नुसतं "हं, हं" करतेस. पत्राला हं करता येत नाही, म्हणून हे पत्र.

काल ‘सावली सोडेना’चा तीनशे अकरावा भाग पाहिला. तू त्या मालिकेत नक्की काय करतेस हे तुझ्या आत्याला अजून कळलेलं नाही. लेखन विभागात मदतनीस म्हणालीस, म्हणजे लेखकांना चहा देतेस की शब्द, ते एकदा स्पष्ट कर. काही असो, कालचा भाग ज्याने लिहिला त्याला माझ्यातर्फे शाबासकी सांग.

मी या मालिकेचं बरंवाईट सगळं सोसलंय. एकशे चाळिसाव्या भागात भुताला सर्दी झाली तेव्हा लोकांनी किती नाकं मुरडली! मी म्हटलं, असू दे, मेला म्हणून काय माणसाला प्रकृती नसते? दोनशे सहाव्यात ते गेलेले गृहस्थ अख्खा अर्धा तास चष्मा शोधत होते आणि तो त्यांच्याच कपाळावर होता. तेही गोड मानून घेतलं. पण तीनशे भागांत त्या बाईचं काय चाललंय, हे कुणी विचारलं? बिचारी एकटी छापखाना चालवते, आणि हा अदृश्य नवरा सारखा मागे मागे. कागद सरळ करतो, दिवे मालवतो, काल तर डब्यांवर चिठ्ठ्याही चिकटवत होता. लोक म्हणतात, काय हे प्रेम! काल ती पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड करून बोलली, "तुम्ही गेलात तेव्हा मी खूप रडले. पण तुम्ही जात नाही, याचं आता मला जास्त रडू येतं."

खारू, माझ्या हातून टाळ्याच वाजल्या. मांडीवरचा शिवत असलेला पडदा घसरून खाली पडला.

तुझ्या आतोबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग उठून टीव्ही बंद केला. म्हटलं, "अहो, सात मिनिटं राहिलीत अजून." म्हणाले, "माझ्यापुरता संपला."

आमच्या इमारतीत कालपासून ‘जाऊ दे’ आणि ‘राहू दे’ असे दोन पक्ष पडलेत. खालचा औषधवाला ‘जाऊ दे’चा. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य ‘राहू दे’चे. त्यांनी म्हणे आज एका बाईच्या तोंडात आरसा घालून तिचं मत विचारलं, आणि तिने नाही म्हटलं नाही म्हणून ती आपल्या बाजूची धरली.

बाकी ठीक.

तुझी,
आत्या

ता. क. शेवटच्या सात मिनिटांत काय झालं ते कळव.


१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

शेवटच्या सात मिनिटांत काही झालं नाही. बाई ताट वाढून बसली आणि शांतपणे जेवली. दिग्दर्शकांना तिथे वीज पाडायची होती, पण वीज पाडायचं यंत्र त्या आठवड्यात वकिलांच्या मालिकेने नेलं होतं. तेव्हा बाईला जेवू दिलं.

इथे पत्रांची पोती येतायत. अर्धे लोक म्हणतात, असा धीट भाग तीन वर्षांत झाला नाही. उरलेले म्हणतात, लेखकाला भुतानेच धरावं. वरचे साहेब खूश आहेत. म्हणतात, "कंटाळलेला माणूस चॅनल बदलतो, चिडलेला बदलत नाही. चिडू द्या." भाग कुणी लिहिला ते बाहेर सांगायला मनाई आहे. नाव अर्थात मुख्य लेखकांचंच लागतं. ते एका वेळी तीन मालिका लिहितात. मागे आमच्या भुताचं एक वाक्य त्यांनी चुकून वकिलांच्या मालिकेतल्या न्यायाधीशांना दिलं, आणि ते कुणाला खटकलंही नाही.

आतोबा कसे आहेत? खरंच रागावलेत का? आणि रागावले असतील तर नेमकं कशावर? काही बोलले का? सविस्तर लिही.

तुझी,
खारू


१६ फेब्रुवारी

खारू,

एवढे प्रश्न तू माझ्या तब्येतीबद्दल कधी विचारले नाहीस. तुझे आतोबा जरा हवापालटाला धाकट्या भावाकडे गेलेत. भाऊ चार गल्ल्या पलीकडे राहतो, पण हवा वेगळी असेल.

बाकी ठीक. हातात बावीस पडद्यांचं काम आहे, एका सभागृहाचं. लांबलचक पत्र लिहायला सवड नाही.

आत्या


१९ फेब्रुवारी
मुक्काम : धाकट्या भावाकडे

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

मी अकरा दिवसांपासून इथे आहे. तुझ्या आत्याने तुला ‘बाकी ठीक’ असं कळवलं असणार. तिचं बाकी नेहमी ठीकच असतं.

तुला ठाऊक आहे, रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी छटा तपासल्या. पांढऱ्याच्या चौदा छटा मला नुसत्या डोळ्यांनी सांगता येतात. मग आपल्याच घराचा रंग टीव्हीवर दिसला तर तो मला ओळखू येणार नाही, असं तुला वाटलं?

मालिकेतलं भूत साखरेच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवतं. चिठ्ठीवर डबा उघडल्याची तारीख, हिरव्या शाईने, आणि तारखेखाली एक बारीक रेघ. ती रेघ मी मारतो. जगात दुसरा कुणी मारत असेल तर मला नेऊन दाखव. भूत बाईच्या खुर्चीमागे दिवा धरून उभं राहतं. डिसेंबरात तू आमच्याकडे चार दिवस राहून गेलीस, तेव्हा मी कापडाची छटा बघायला दिवा धरून उभा होतो. तू कोपऱ्यात बसून शेंगा खात होतीस. मला वाटलं, शेंगाच खातेयस.

तू लिहिलंस यावर माझं काही म्हणणं नाही. निवृत्त माणूस मालिकेच्या तरी उपयोगी पडला. मला फक्त एक विचारायचं आहे. ते रडू येण्याचं वाक्य तुझ्या आत्याने तुला सांगितलं होतं का? होय किंवा नाही, एवढंच लिही.

इथे मी कुणाच्या वाटेत येत नाही. भावाच्या घरात माझी म्हणून एक छत्री आहे, तीही दाराबाहेर ठेवतो. अडचण एकच. ही मंडळी दर मंगळवारी-गुरुवारी ती मालिका लावतात. सध्या भूत फाटकाबाहेर उभं असतं. माझी भावजय डोळे पुसते, एकदा त्याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे बघते आणि म्हणते, "दोघांचंही बघवत नाही हो, भावजी."

उत्तराची वाट पाहतो.

आतोबा


२३ फेब्रुवारी

आत्या,

‘हवापालट’ म्हणे! आतोबांचं पत्र आलं. आता मी जे लिहिते ते वाचून हवं तितकं रागव, पण शेवटपर्यंत वाच.

तो भाग मी लिहिला. मुख्य लेखकांची कंबर धरली होती. पलंगावरून त्यांनी निरोप पाठवला, "खारूला सांगा, उद्याचा भाग भरून टाक." पोतं भरावं तसा. माझ्या हातात एक दुपार होती. तीन वर्षं मी इथे दुसऱ्यांची वाक्यं साफ करते, आत्या. स्वतःचं लिहायची पहिलीच वेळ, आणि मला एकही भूत सुचेना. सुचली ती तुझी पुढची खोली. तू कात्री कापडावर टेकवून बसलेली, आतोबा मागे दिवा धरून उभे, आणि कात्री कितीतरी वेळ हललीच नाही. तू म्हणालीस, "अहो, जरा बाहेर फिरून या ना." ते म्हणाले, "बाहेर काय आहे?" तू काही बोलली नाहीस. तिथून पुढचं मी लिहिलं.

तुम्हाला कळेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. नाही, हे खोटं आहे. तुला कळावं असं वाटत होतं, त्यांना कळू नये असं वाटत होतं.

आतोबा विचारतायत, ते वाक्य तुझं आहे का. त्यांना मी काय उत्तर देऊ?

खारू


१ मार्च

खारू,

उत्तर तू देऊ नकोस. माझं आहे, मला सुचेल तेव्हा मीच देईन.

मी तुला असलं काही बोलले नव्हते. मनातही असं शब्दांत मांडलं नव्हतं. पण टीव्हीवरची बाई बोलली आणि माझ्या टाळ्या वाजल्या, म्हणजे मीच बोलल्यासारखं झालं. ते शब्द ऐकून गेले नाहीत, टाळ्या ऐकून गेले. दोन दिवस घरात मुद्दाम पाय आपटत चालत होते. म्हटलं, "हे काय?" तर म्हणाले, "मी इथे आहे हे कळावं म्हणून. अचानक दिसलो तर दचकशील." तिसऱ्या दिवशी पिशवी भरली. मी अडवलं नाही.

माझा राग कशाचा आहे ते सांगते. तू माझ्या घरी चार दिवस राहिलीस, जेवलीस, आणि जाताना माझ्या मनातली गोष्ट उचलून नेलीस, ती मला स्वतःला सापडायच्या आधी. मग ती सगळ्या गावाबरोबर मी टीव्हीवर पाहिली.

ते गेल्यावर पहिले तीन दिवस काय सांगू तुला! आठ पडदे कापले, एका दमात. कुणी मागे उभं नाही, कुणी "ही शिवण अर्धा सूत तिरकी जातेय" म्हणत नाही. माझ्या दोघी मदतनीस गाणी म्हणायला लागल्या. काल सभागृहवाल्यांनी बावीसपैकी नऊ पडदे परत पाठवले. कापड दोन वेगवेगळ्या गठ्ठ्यांतलं लागलं होतं. आमच्या तिघींच्या डोळ्यांना ते एकच दिसलं. उजेडात टांगल्यावर म्हणे अर्धं सभागृह कावीळ झाल्यासारखं दिसतं.

हे असते तर त्यांनी दारातूनच सांगितलं असतं. पण त्यासाठी मी त्यांना बोलावणार नाही. दिवा धरायला माणूस हवा होता म्हणून बायकोने परत बोलावलं, असं व्हायला नको. त्यांनाही ते आवडायचं नाही, आणि मलाही.

खरं सांगायचं तर घर आता फार मोठं वाटतं. हे कुठल्याही मालिकेत घालू नकोस.

आत्या


७ मार्च

ती. आतोबांना,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला आत्याने मनाई केली आहे. ती मी पाळते.

पण माझ्यामुळे तुमच्यावर छत्री बाहेर ठेवायची वेळ आली, तर निस्तरायलाही मलाच हवं. येत्या गुरुवारचा तीनशे एकविसावा भाग चुकवू नका. इथे दोन्ही पक्षांच्या पत्रांचा निकाल लागला. कुणी वाचली नाहीत, वजनकाट्यावर ठेवली. ‘राहू दे’चं पोतं चार किलोने जड भरलं. (त्यात एका दंतवैद्यांनी पत्रासोबत प्लास्टरचा जबडाही पाठवला होता, तो कुणी बाजूला काढला नाही.) वरच्या साहेबांनी फर्मावलं, "भुताला घरात घ्या." तो भाग लिहायला कुणी तयार नव्हतं. मी मागून घेतला.

बघाच. सगळं पूर्वीसारखं होईल. मालिकेत झालं की घरीही होईल, अशी माझी वेडी आशा आहे.

तुमची,
खारू


२० मार्च

प्रिय खारू,

झालं ते सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तू मधलं काहीतरी आपल्या मनाने भरशील.

गुरुवारी मी तुझ्या आतोबांकडे गेले. हातात काही नेलं नाही, कापडाची चिंधीसुद्धा नाही. काय बोलायचं तेही ठरवलं नव्हतं. दार उघडंच होतं. आत मालिका नुकती सुरू झालेली. माझ्या जावेने टीव्हीवरची नजर न काढता एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. तुझे आतोबा पुढे बसले होते, त्यांना मी दिसले नाही. तुझं पत्र आल्यापासून म्हणे रोज विचारत होते, गुरुवार कधी.

मग तुझा भाग. बाई दचकून उठते. उशाशी भूत. बाई म्हणते, "किती वाईट स्वप्न पडलं हो! मी तुम्हाला नाही नाही ते बोलले, तुम्हाला घराबाहेर काढलं." रडते, माफी मागते. भूत तिच्या डोक्यावरून हात फिरवतं आणि म्हणतं, "वेडे, मी कुठे जाणार?" मग दिवा मालवतं.

जावेने टाळ्या वाजवल्या. "बघा! स्वप्न होतं, भावजी! मी म्हणत नव्हते?"

तुझे आतोबा उभे राहिले. "हे काय आहे?"

"अहो, स्वप्न!"

"कसलं स्वप्न? मी पाहिलंय ना तो भाग. बाई जागी होती. भिंतीवर दुपारचं ऊन होतं. स्वप्नात असा पिवळा येत नाही." मग टीव्हीकडे बोट रोखून, खारू, त्यांचा एवढा आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता, "तीनशे दहा भाग ती बाई गप्प बसली. एकदा बोलली. एकदा! ते यांनी पुसून टाकायचं? वर तिलाच माफी मागायला लावायची? आणि हा बावळट उभा राहून ऐकून घेतो! अरे, ती काय म्हणाली ते तरी विचार तिला!"

भाऊ घाबरून म्हणाला, "दादा, मालिका आहे."

"मालिका आहे म्हणूनच सांगतोय. घरात असतं तर..." एवढं म्हणून वळले, आणि त्यांना मी दिसले.

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. त्यांनी बाहेर जाऊन छत्री उचलली आणि मला म्हणाले, "चल, तुला घरापर्यंत सोडतो."

पहिल्या गल्लीत नुसते चाललो. दुसऱ्या गल्लीत त्यांनी विचारलं, "ते वाक्य तुझं होतं का?"

म्हटलं, "तेव्हा नव्हतं. आता आहे."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "मग मी काय करू, सांग."

म्हटलं, "हे मला विचारणं बंद करा. आधी तेवढंच करा."

हे कळायला त्यांना तिसरी गल्ली पूर्ण लागली. मला वाटलं, आता चिडतील. पण हसले. आणि आमच्या दाराशी आल्यावर आत आले नाहीत. "आज नको," म्हणाले. "आज आलो तर तुझ्या मागे मागेच आलो असं होईल." मी हो म्हटलं, आणि वर जाऊन पडदा हातात घेऊन अर्धा तास नुसती बसून राहिले. हेही मालिकेत नको.

दोन दिवसांनी आले, पिशवी घेऊन. बाजाराच्या टोकाला रंगाचं दुकान आहे ना, तिथे छटा जुळवायला जायला लागलेत. सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. दुकानदार आत्ताच त्यांना वचकून आहे. परवा एक बाई पांढरा रंग मागायला आली, तर "कुठला पांढरा?" म्हणून तिला एक तास बसवून घेतलं. शेवटी तिने निळा नेला. संध्याकाळी चहा पिताना हे सगळं मला सांगत होते, हातवारे करून. मला आठवेना, याआधी त्यांच्याकडे मला सांगण्यासारखं काही होतं असं शेवटचं कधी झालं होतं.

सगळं सरळ झालं असं समजू नकोस. रविवारी मी कापायला बसले आणि पाठीमागे उजेड आला. दिवा. मी कात्री खाली ठेवली, वळले नाही. थोड्या वेळाने दिवा आपणहून गेला. मग आतून तोंड दाबून खोकल्याचा आवाज. ते परत आलेले नऊ पडदे त्यांना दिसले होते. म्हटलं, "सांगा एकदाचं." धावत आले. "दुसरा, पाचवा आणि सातवा दुसऱ्या गठ्ठ्यातले, आणि हा तिसऱ्याच!" मी विचारलं म्हणून सांगितलं, न विचारता नाही, एवढं लक्षात घे.

तुझ्या त्या स्वप्नाच्या भागाने एक चमत्कार मात्र केला. इमारतीतले दोन्ही पक्ष एक झाले. औषधवाला आणि दंतवैद्य यांनी मिळून तुमच्या चॅनलला निषेधाचं पत्र लिहिलंय. दंतवैद्य म्हणतात, भूत राहायला हवं होतं, पण असं नाही, तिने थांब म्हटल्यावर. जबडा परत मागितलाय, तेवढा पाठव. मालिका बंद होणार आणि तुला विहिरीच्या कुठल्याशा मालिकेत टाकणार, असं औषधवाला म्हणतो. खरं असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. विहीर तरी निदान कुणाच्या मागे मागे फिरणार नाही.

तुझ्या आतोबांचा तुला निरोप आहे. जसाच्या तसा देते, "पहिला भाग तिने बघून लिहिला, दुसरा घाबरून. पहिल्यावर मी रागावलो होतो, पण शिक्का मारायला सांगितलं असतं तर पहिल्यावर मारला असता." कारखान्यात चौतीस वर्षांत त्यांनी कितीजणांना पसंतीचा शिक्का दिला ते तुला माहीत आहे, तेव्हा हे जपून ठेव.

माझ्या रागाचं विचारशील तर बराचसा गेला. सुट्टी मिळाली की ये, राहा, शेंगा खा. पण जाताना काय नेतेयस ते या वेळी दाखवून जा. नाही म्हणणार नाही बहुतेक.

आता थांबते. हे दुकानात निघालेत, दारात चपला घालून उभे आहेत, माझं पत्र संपायची वाट बघत. "काय काय लिहिलंस?" हे त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला इथून दिसतंय. पण विचारलं ते एवढंच, "चिकटवून दे, जाता जाता टाकतो."

चिकटवते.

तुझी,
आत्या